ठिपक्याचा माल

काकूंना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. जेवतानासुद्धा एक गुडघा उभा, म्हणजे कुणी हाक मारली तर उठायला बरं. नवरा म्हणायचा, हिच्या पायाला भिंगरी आहे, आणि माहेराहून आणलेल्या वस्तूंपैकी तेवढी एकच अजून बिघडलेली नाही. असं असून पोट भरायला काम मिळालं ते मात्र दिवसभर एका जागी उभं राहायचं. चार मजली दुकानाच्या मागच्या अंगाला, मालाच्या लिफ्टशेजारी, परतीच्या टेबलापाशी.

परती म्हणजे गिऱ्हाइकांनी नेलेला आणि परत आणून आदळलेला माल. माणसं काय काय परत आणतात ते विचारू नका. दिवसभर कुठेतरी मिरवलेले बूट 'मापात बसले नाहीत' म्हणून परत येतात, टाचेला चिखल तसाच. किटली परत येते, आत चहाची पत्ती. पंखा बरोबर उन्हाळा संपला की परत येतो. हे सगळं काकूंनी पुसायचं, तपासायचं, खोक्याला नवी टेप मारायची आणि पुन्हा खाली सोडायचं. वर्षअखेरच्या सुट्ट्यांचा सेल लागला की तो माल तळमजल्यावर जिन्याखालच्या मोठ्या, पिंजऱ्यासारख्या तारेच्या जाळीत जायचा, निम्म्या भावाचं लाल लेबल लावून. शेवटच्या दिवशी जे उरेल त्याच्यावर दुसरं लाल लेबल चढायचं, मग तर मातीमोल.

आणि तपासायचं म्हणजे तरी किती? सुपरवायझरचा प्रश्न एकच असायचा, "काकू, चालतंय ना?" चालतंय म्हटलं की सोडा. वयाने तो काकूंच्या पोरासारखा, पण खुर्ची त्याची होती. इस्त्री गरम होते ना? मग ती मुठीपाशीही गरम होते, हे कोण ऐकणार? काकूंनी पहिल्या वर्षी दोन-तीनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला. जी वस्तू आपण स्वतःच्या घरात नेणार नाही, तिच्या खोक्याच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात, निळ्या पेनाने एक ठिपका. मोहरीएवढा. माहीत असेल त्यालाच दिसेल असा.

एका ठिपक्याने काय होणार, असं तुम्ही म्हणाल. अहो, खूप झालं. काकूंनी आधी घरच्यांना सांगितलं, नवऱ्याला आणि धाकट्या जावेला. "तुला म्हणून सांगते, ठिपका दिसला की हात लावू नकोस." मग शेजारणीला, तुला म्हणून सांगते. शेजारणीने खालच्या मजल्यावर सांगितलं. 'तुला म्हणून सांगते' ही गोष्ट चार जिने किती वेळात उतरते, ते इमारतीत संसार केलेल्या कुणालाही विचारा. दोन वर्षांत अशी वेळ आली की सेलच्या पहिल्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं न गेलं तोच इमारतीतल्या सगळ्या बायका वाकून आत, थेट जिन्याखाली, आणि प्रत्येकीच्या हातात खोकं उलटं. दारावरच्या पहारेकऱ्याला नवल वाटायचं. वजन बघतात त्या, असं कुणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं.

काकूंचा भाव वधारला. जिन्यात गाठ पडली की, "काकू, यंदा मिक्सर घेऊ का?" त्यांना विचारल्याशिवाय कुणी साधी बरणी घेत नसे. इमारतीत कुणाच्या खुर्चीचा पाय निखळला नाही, कुणाच्या स्वयंपाकघरात ठिणगी उडाली नाही. काकूंना हे आवडायचं, आणि का नाही आवडणार? दुकानात जिला 'परतीवाली' अशी हाक मारतात, तिला घरी चार माणसं थांबून सल्ला विचारतात. सेलच्या आठवड्यात तर त्या जिना चढायच्या तोच मुळी सावकाश, म्हणजे सगळ्यांना विचारायला वेळ मिळावा.

राहता राहिला एक प्रश्न, की ठिपक्याचा माल जातो कुठे. जायचा तर खरा, जाळी दरवर्षी रिकामी व्हायची. "घेतात लोक," काकू म्हणायच्या. इमारतीतली ती आपली माणसं, आणि बाकीचे ते लोक. ही वाटणी त्यांच्या मनात इतकी पक्की बसली होती की तिच्याकडे त्यांनी कधी वळून बघितलं नव्हतं. मी काही त्यांना नावं ठेवत नाही. आपण तरी कुठे बघतो.

यंदा थंडी कडाक्याची पडली आणि दुकानात शेकायच्या पिशव्या आल्या. विजेवर चालणाऱ्या, कापडी, उशीएवढ्या, दुखऱ्या पाठीखाली घ्यायच्या. खोक्यावर एक हसरी म्हातारी. मूळचा भावच इतका कमी की काकूंना तेव्हाच खटकलं होतं. कापड, वायर, शिलाई, खोकं, वाहतूक आणि वर दुकानाचा नफा, हे सगळं एवढ्याशात बसवलंय म्हणजे कुणीतरी कुठेतरी काहीतरी गाळलेलं आहे. शिवणारीच्या ताटातलं गाळलं असेल, नाहीतर वायरीवरचं. पण घेणाऱ्याला लेबल दिसतं, बाकीचं कोण बघतो? पन्नासेक पिशव्या खपल्या. सेलच्या आठवडाभर आधी तीन परत आल्या. तिघांची तक्रार एकच होती, वास येतो.

नियम दहा मिनिटं लावून बघायचा. दहा मिनिटं पिशवी छान चालली, मऊ ऊब. पण पाठीखाली घेणारं माणूस काही पिशवी हवेत धरून बसत नाही. म्हणून काकूंनी ती दुमडली, वर आपली शाल टाकली आणि अर्धा तास ठेवली. अर्ध्या तासाने, जिथे वायर पिशवीत शिरते तिथे, शालीवर बटणाएवढा तपकिरी डाग. करपल्याचा वास. दुसरीचंही तेच झालं. तिसरी त्यांनी लावलीच नाही.

"साहेब, ह्या तीन सोडू नका," त्या सुपरवायझरला म्हणाल्या.

"का, चालत नाहीत?"

"चालतात, पण अर्ध्या तासाने जळतात. ही माझी शाल बघा."

"अर्धा तास तुम्हाला कुणी सांगितला? नियम दहा मिनिटांचा आहे. सेल तोंडावर आलाय, काकू, मला वरून चार फोन येतात. दहा मिनिटं चालतंय ना? सोडा मग."

काकूंनी सोडल्या. तिन्ही खोक्यांच्या तळाला एकेक ठिपका. पेन जरा जास्त दाबलं, एवढाच काय तो फरक.

पण यंदा काही केल्या मन थाऱ्यावर येईना. सेल लागला आणि काकू पाणी प्यायला म्हणून खाली, टेप संपली म्हणून खाली, कुणी बोलावलं नसताना 'बोलावलंत का' विचारायला खाली. दर खेपेला जिन्याखाली डोकावायचं आणि तिन्ही खोकी मोजायची. स्वतःच घेऊन टाकावीत, असंही मनात आलं. पण सेल संपेपर्यंत कामगारांनी सेलचा माल घ्यायचा नाही, असा दुकानाचा नियम. लपवाव्यात, तर ती चोरी. पहिला दिवस, तीन. दुसरा, तिसरा, चौथा, तीन. इमारतीतल्या बायका येऊन, उलटं करून, ठेवून गेल्या होत्या. काकूंना वाटू लागलं, सुटलो बहुतेक, कुणी घेत नाही. पाचवा दिवस शेवटचा. दुपारी जाळीवर दुसरं लाल लेबल चढलं. चार वाजता काकू खाली आल्या तर एकही नव्हती.

त्या काउंटरवरच्या मुलीकडे गेल्या, पुढच्या गिऱ्हाइकाला बाजूला सारून.

"शेकायच्या पिशव्या होत्या जाळीत. कुणी नेल्या?"

"गेल्या ना तिन्ही, आत्ता दुपारी. एकीच्या मागोमाग एक अशा तिघी आल्या होत्या," मुलगी हातातलं काम न थांबवता म्हणाली. "त्यातली एक तुमच्या जाऊबाईंनी नेली."

"माझ्या जावेने?"

"त्या दर वर्षी शेवटच्या दिवशी येतात की. सगळी खोकी उलटी करून बघतात, आणि मग घेतात. मागे त्यांनीच सांगितलं होतं, मी तुमची जाऊ म्हणून. मला वाटलं, तुम्हीच पाठवता."

काकूंनी जावेला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग अंगावरचा दुकानाचा एप्रन तसाच, कुणाला न विचारता, त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. बसमध्ये जागा होती तरी दांड्याला धरून उभ्या राहिल्या, जसं काही उभं राहिल्याने बस लवकर पोहोचते. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. काकूंना ते आता कळत होतं, आणि आठवडाभर का कळलं नाही, याने त्या आणखी कासावीस होत होत्या.

भावोजी, म्हणजे जावेचा नवरा, घरांना रंग द्यायचे. चार महिन्यांपूर्वी शिडीवरून पाठीवर पडले, तेव्हापासून पडूनच. जाऊ एका दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, तिच्या एकटीवर घर. काकू एकदा फळं घेऊन भेटायला गेल्या होत्या आणि निघताना म्हणाल्या होत्या, काही लागलं तर सांग हं. असं म्हटल्यावर कुणी सांगतं का? आपणही ते ऐकायला थोडंच म्हणतो.

दार नुसतं लोटलेलं होतं. एकच खोली, कोपऱ्यात ओटा. भावोजी खाटेवर उताणे, गळ्यापर्यंत पांघरूण, गाढ झोपलेले. पांघरुणाखालून एक पांढरी वायर भिंतीकडे गेलेली. काकूंनी चप्पलही काढली नाही. सरळ जाऊन प्लग ओढला.

"अहो ताई, काय झालं?" जाऊ ओट्याकडून हात पुसत आली. "हळू. उठवू नका त्यांना. गोळी घेतलीय, त्यात ही ऊब. कितीतरी दिवसांनी डोळा लागलाय."

काकूंनी पाठीखाली हात घातला आणि झटकन काढला. मग दोघींनी मिळून भावोजींना कुशीवर वळवलं. जावेने पिशवीवर चादर दुहेरी घालून ठेवली होती, इस्त्रीवाली ती, तिला उष्णतेचं कळतं. पण दुहेरी चादरीने वाफ कोंडते तशी ऊब आतच कोंडली होती. चादरीचा वरचा पदर तपकिरी, खालचा काळा, आणि भावोजींच्या कमरेवर तळहाताएवढी लाल कातडी, मध्ये एक फोड. गोळीमुळे त्यांना काही कळलंच नव्हतं. जावेने गार पाण्यात फडकं भिजवून आणलं.

"ठिपका दिसला नाही का गं तुला?" काकूंचा आवाज चढला. भीती उतरली की माणूस रागावतं, तसं. "सगळ्यांच्या आधी तुला सांगितलं होतं मी."

"दिसला. ठिपका बघूनच तर घेते."

"म्हणजे?"

"बिनठिपक्याचं तुमच्या इमारतीतल्या बायका पहिल्याच दिवशी उचलतात. उरतं ते ठिपक्याचं. त्याच्यावर मग दुसरं लेबल चढतं, आणि आम्हाला परवडतं. मी तेवढ्यासाठीच थांबते." तिने फडकं पिळून पुन्हा ठेवलं. "ते घड्याळ ठिपक्याचं. रोज चार मिनिटं मागे पडतं, मी रोज पुढे करते. तो स्टूल ठिपक्याचा, पाय सुटत होता, मी दोरीने आवळला. पांघरूण ठिपक्याचं, शिवण उसवली होती, घातली. मी म्हटलं, ठिपका म्हणजे काय, तर थोडं हात लावून घ्यावं लागतं. इतकी वर्षं तसंच निघालं की, ताई."

"अगं पण ही जळते."

"मग तसं लिहायचं ना. तुमचा आपला एकच ठिपका. उसवलेल्या शिवणीलाही तोच आणि जळणाऱ्या वायरीलाही तोच. मला कसं कळणार?"

काकूंनी खोलीभर नजर फिरवली आणि जिथे तिथे त्यांना आपलंच टेबल दिसलं. एकेक वस्तू त्यांच्या हातून गेलेली. "माझ्याकडे मागायचं होतंस," त्या शेवटी म्हणाल्या.

"काय मागायचं? बिनठिपक्याचं?" जाऊ खाली बघतच म्हणाली. तिला टोचून बोलायचं नव्हतं, खरंच विचारत होती. म्हणून तर ते जास्त लागलं.

तेवढ्यात भावोजी जागे झाले. "वहिनी, तुम्ही कधी आलात? अगं, चहा टाक त्यांना," म्हणाले, आणि मग कमरेला हात लावून कण्हले.

जाऊ मात्र एकाएकी थांबली होती. फडकं हातात तसंच. "ताई, जाळीपाशी आणखी दोघी होत्या. एक म्हातारी होती, हळूहळू चालणारी. तिने मला विचारलं, ही बरी आहे का गं? मी म्हटलं, बरी आहे, मीही घेतेय. मग दुसरीनेही घेतली." तिने काकूंच्या मनगटाला धरलं. "त्यांनीही आता लावली असेल ना?"

काकू आल्या पावली निघाल्या. जळकी पिशवी चादरीसकट काखेत.

दुकानात शेवटच्या दिवसाची झुंबड अजून ओसरली नव्हती. सुपरवायझर काउंटरच्या मागे उभा होता. काकूंनी पिशवी त्याच्यापुढे टाकली आणि काळा पदर वर केला.

"बाकीच्या दोघींचे फोन नंबर बिलावर असतील. मला द्या."

त्याने चादर बघितली, आजूबाजूला कोण ऐकतंय ते बघितलं, आणि आवाज खाली आणला. "काकू, आत चला. तीनपैकी एक अशी निघाली म्हणून तिन्ही तशाच असतील कशावरून?"

"तिन्ही तशाच आहेत. मला ठाऊक आहे. ज्या मालात खोट असते त्याच्या खोक्याला मी खूण करते. बारा वर्षं करतेय."

हे त्याला नवीन होतं. "म्हणजे तुम्हाला दर वेळी माहीत असायचं? आणि तुम्ही सोडायचात?"

"तुम्हीच सांगायचात सोडा म्हणून."

"मी चालते का एवढंच विचारत होतो. जळते हे तुम्हाला माहीत होतं." घाबरलेला माणूस जसा दोष दुसऱ्याच्या गळ्यात टाकतो, तसा तो बोलत होता. काकूंनाही ते कळत होतं. पण तो खोटं बोलत नव्हता, हेही कळत होतं. "हे वर कळवावं लागेल मला. सोमवारी तुमच्या नोकरीचं काय ते ठरेल."

"सोमवारचं सोमवारी. नंबर आता द्या."

काउंटरवरच्या मुलीने, त्याची वाट न बघता, दोन बिलं काढून काकूंच्या हातात दिली.

पहिला नंबर लगेच उचलला गेला. बाई गडबडीत होती, मागे लहान मूल रडत होतं. पिशवी अजून खोक्यातच आहे म्हणाली, उद्या आणून देईन, पैसे पूर्ण परत मिळतील ना, एवढं दोनदा विचारलं. काकूंनी मिळतील म्हणून सांगितलं, सुपरवायझरकडे न बघता.

दुसरा नंबर वाजत राहिला. काकू काउंटर आणि जिना यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होत्या, गिऱ्हाइकांना धक्के लागत होते. बंद झाला. परत लावला. बंद झाला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुणीतरी उचलला, आणि फोन कानाला नीट लागेपर्यंतही बराच वेळ गेला.

"आजी, तुम्ही आज शेकायची पिशवी नेलीत ना? ती आधी काढा. आत्ता. प्लग काढा, मी थांबते."

पाय ओढत कुणीतरी गेलं, पाय ओढत परत आलं.

"काढली गं. गुडघ्यावर घेऊन बसले होते. चांगली ऊब देत होती. मला वाटलं, माझ्या साडीलाच कसला वास येतोय." म्हातारी धापा टाकत होती. "तू कोण?"

"मी दुकानातून बोलतेय. ती जळते, आजी. तुम्हाला भाजलं नाही ना कुठे?"

"नाही बाई. तुला कसं कळलं?"

"मीच तपासली होती ती. माझ्याच टेबलावरून खाली गेली."

"कधी?"

"सेलच्या आधी. दहाबारा दिवस झाले."

मग म्हातारीने विचारलं, रागाने नाही, नीट कळावं म्हणून. "मग तेव्हाच का नाही गं सांगितलंस कुणाला?"

"सांगितलं होतं, आजी," काकू म्हणाल्या. "आमच्या इमारतीत सगळ्यांना सांगितलं होतं."